न दिसणाऱ्या झडपेचं माप

छाती उघडून महाधमनीची झडप बदलतात, तेव्हा माप घ्यायची पद्धत सरळ असते. सर्जन जुनी, कडक झालेली झडप कापून काढतात. उरलेल्या कड्यात वेगवेगळ्या मापांचे सायझर एकेक करून घालून पाहतात आणि जो नीट बसेल त्या मापाची नवी झडप टाके घालून बसवतात. सगळं डोळ्यांसमोर आणि बोटांखाली. एक सायझर घट्ट वाटला तर दुसरा घ्यायचा.

टावीमध्ये, म्हणजे छाती न उघडता नळीवाटे ही झडप बदलण्याच्या उपचारात, यातलं काहीच करता येत नाही. जांघेतल्या धमनीतून एक नळी आत सरकवतात. तिच्या टोकावर घडी घातलेली नवी झडप असते. ती हृदयापर्यंत नेऊन जुन्या झडपेच्या आतच उघडतात. छाती बंद, हृदय चालू आणि जुनी झडप जागेवरच. जिथे ती बसवायची ती जागा खोलीतल्या कुणालाही थेट दिसत नाही. फुग्यावर फुलवायची झडप असेल, तर एकदा फुलवल्यावर ती मिटून परतही घेता येत नाही. त्यामुळे २३ मिलिमीटरची घ्यायची की २६ ची, हा प्रश्न त्या दिवशी टेबलापाशी सोडवायला उशीर झालेला असतो. तो काही दिवस आधीच, सीटी स्कॅनच्या पडद्यावर सुटलेला लागतो.

नातेवाइकांना बहुतेक वेळा हे कुणी सांगत नाही. इको झाला, अँजिओग्राफी झाली, आता पुन्हा सीटी कशाला, असं त्यांना वाटतं. रुग्णालय बिल वाढवतंय अशी शंकाही येते. इतर काही ठिकाणी ती शंका रास्त असेलही, पण टावीच्या आधीच्या सीटीबाबत ती नाही. या उपचारातले सर्वांत महत्त्वाचे निर्णय त्या एका स्कॅनवर होतात.

आधी आजार

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त महाधमनीत जातं, त्या तोंडाशी ही झडप असते. तिला तीन पाकळ्या असतात. निरोगी प्रौढ माणसात ती पूर्ण उघडली की रक्ताला ३ ते ४ चौरस सेंटिमीटरची वाट मिळते. वय वाढतं तसं काहींच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचतं, त्या जाड होतात आणि धड उघडेनाशा होतात. वाट १ चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी झाली की आजार तीव्र मानतात. शंभरातल्या एकदोन माणसांना जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्या असतात आणि त्यांना हा त्रास लवकर गाठतो. लहानपणच्या संधिवाताच्या तापानंतरही ही झडप बिघडू शकते.

जिना चढताना दम लागणं, छातीत दुखणं, चालता चालता घेरी येऊन पडणं ही याची लक्षणं. सत्तरी-पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाच्या बाबतीत घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. औषधांनी दम थोडा कमी होतो, पण झडप उघडत नाही. ती बदलावीच लागते.

छाती न उघडता ती बदलण्याची सुरुवात फ्रान्समधल्या रूआं शहरात झाली. तिथले आलँ क्रिबिए यांनी १९८५ मध्ये प्रौढांची अरुंद झालेली महाधमनी झडप फुग्याने रुंद करून पाहिली होती. रुग्णांना आराम पडायचा, पण काही महिन्यांत झडप पुन्हा आवळायची. फुगा काढून घेतल्यावरही वाट उघडी ठेवणारं काहीतरी आत राहायला हवं, हे त्यातून त्यांच्या लक्षात आलं. १६ एप्रिल २००२ रोजी त्यांनी ५७ वर्षांच्या एका अत्यवस्थ रुग्णात, ज्याची शस्त्रक्रिया करायला कुणी तयार नव्हतं, धातूच्या जाळीत शिवलेली झडप नळीतून नेऊन बसवली. आजच्यासारखं सीटीवरचं मोजमाप तेव्हा नव्हतंच. सुरुवातीची बरीच वर्षं माप इकोवरून घेतलं जायचं. त्याचा परिणाम काय झाला, ते पुढे येईलच.

झडप बदलायची का, हे इको सांगतो

हृदयाच्या इकोचा उगम गमतीशीर आहे. स्वीडनमधल्या लुंड इथले हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यातून एक यंत्र उसनं आणलं. कारखान्यात ते धातूतल्या भेगा शोधायला वापरत. ध्वनिलहरी सोडायच्या आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकायचा. तेच त्यांनी माणसाच्या छातीवर लावलं आणि हृदयाच्या भिंतीची हालचाल टिपली.

आजचा इको झडपेची हालचाल तर दाखवतोच, शिवाय रक्ताचा वेगही मोजतो. झडप जितकी अरुंद, तितकं रक्त तिच्यातून वेगाने फेकलं जातं. वेगाचा वर्ग करून त्याला ४ ने गुणलं की झडपेच्या अलीकडे-पलीकडे दाबात किती फरक आहे याचा अंदाज येतो. वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर ४ गुणिले १६, म्हणजे ६४ मिलिमीटर पाऱ्याइतका कमाल फरक. म्हणजे बिचारं हृदय दर ठोक्याला एवढा जादा दाब एकट्याने निर्माण करतंय. रिपोर्टमध्ये ‘पीक व्हेलॉसिटी’ (रक्ताचा कमाल वेग) ४ किंवा जास्त, ‘मीन ग्रेडियंट’ (दाबातला सरासरी फरक) ४० किंवा जास्त दिसला, की डॉक्टर झडप बदलायचं बोलू लागतात ते यामुळे.

यात एक फसगत आहे. हृदयाचा स्नायूच थकला असेल तर त्याला रक्त जोरात फेकता येत नाही. झडप अगदी अरुंद असूनही वेग कमी येतो आणि कागदावर आजार मध्यम वाटतो. अशा वेळी डाय (रक्ताची वाट प्रतिमेत उठून दिसावी म्हणून सोडतात ते औषध) न देता एक साधा सीटी काढतात आणि झडपेवर कॅल्शियम किती आहे ते मोजतात. या मोजणीला अॅगॅटस्टन स्कोअर म्हणतात. पुरुषांत तो २००० च्या आसपास किंवा वर, बायकांत १२०० च्या आसपास किंवा वर असेल तर आजार तीव्र असण्याची शक्यता मोठी. बायकांचा आकडा कमी असायला कारण आहे. त्यांची झडप लहान असते आणि तितक्याच कॅल्शियमला त्यांच्या पाकळ्या जास्त ताठरतात. पुरुषांचा निकष सरसकट लावला तर आजारी बाई ‘नॉर्मलच्या जवळ’ म्हणून घरी पाठवली जाईल.

इको स्वस्त आहे, किरणोत्सर्ग नाही, पलंगाजवळ आणता येतो. झडप बदलायची का, याचं उत्तर तो देतो. कितीची बसवायची हे विचारलं की त्याची अडचण होते.

कडं नावाची काल्पनिक गोष्ट

नवी झडप जिथे टेकते त्या जागेला आपण सोयीसाठी कडं म्हणू. गंमत अशी की हृदय कापून पाहिलं तर त्या पातळीवर कडं म्हणून काही सापडत नाही. तीन पाकळ्यांपैकी प्रत्येकीचा सर्वांत खालचा बिंदू घ्यायचा आणि तिन्ही बिंदूंमधून एक सपाट पातळी कल्पायची. त्या पातळीवर वाटेचा जो आकार मिळतो, ते कडं. म्हणजे टावीचं सगळं गणित एका अशा वर्तुळावर उभं आहे, जे शरीरात आखलेलं नाही. शिवाय ते वर्तुळही नाही, लांबट गोल आहे.

इथेच जुनं इकोचं माप फसायचं. नेहमीचा इको एका छेदातून एकच व्यास मोजतो आणि तो बहुधा लांबट गोलाचा आखूड व्यास असतो. समजा एखाद्या रुग्णाचं कडं एका बाजूने २२ आणि दुसऱ्या बाजूने २८ मिलिमीटर आहे. इकोला दिसले २२. कडं गोल धरलं तर क्षेत्रफळ येतं ३८० चौरस मिलिमीटर. त्याला २३ ची झडप पुरेशी वाटते, कारण तिचं क्षेत्रफळ सुमारे ४१५ आहे. प्रत्यक्षात २२ गुणिले २८ च्या लांबट गोलाचं क्षेत्रफळ ४८४ च्या आसपास भरतं. म्हणजे बसवलेली झडप कड्यापेक्षा लहान निघाली. आता तिच्या कडेने प्रत्येक ठोक्याला रक्त मागे गळणार, किंवा ती जागेवरून सरकणार. टावीच्या पहिल्या दशकात अशा कडेच्या गळतीने डॉक्टरांना फार छळलं. पुढे झडपांना बाहेरून कापडी झालर आली, नळ्या सुधारल्या, पण मोठा फरक पडला तो मोजमाप सीटीवर गेल्याने.

सीटीवर ४८४ मोजलं गेलं की २६ ची झडप निवडली जाते. तिचं क्षेत्रफळ ५३१, म्हणजे कड्यापेक्षा दहाएक टक्के जास्त. एवढा जादा आकार मुद्दाम ठेवतात, कारण ही झडप टाक्यांनी शिवलेली नसते. नुसत्या दाबाने ती जागा धरून राहते. मग आणखी मोठी, २९ ची का नको? तिचं क्षेत्रफळ ६६० आहे. ती फुलवताना कडं फाटू शकतं. विशेषतः कड्याच्या खाली, हृदयाच्या बाजूला कॅल्शियमचा गठ्ठा असेल तर तो भिंतीत घुसतो. ही गुंतागुंत विरळ आहे, पण झाली तर काही मिनिटांत जीव जातो. म्हणून सीटी वाचणारा डॉक्टर कॅल्शियम किती एवढंच पाहत नाही, ते कुठे आहे याकडे जास्त बारकाईने पाहतो.

मापं सुटी सुटी असतात आणि माणसं त्या मापांत जन्माला येत नाहीत. एका प्रसिद्ध परदेशी झडपेची मापं २०, २३, २६ आणि २९ अशी आहेत. महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या वापीमध्ये तयार होणाऱ्या मायव्हॅल या भारतीय झडपेने मधली मापंही आणली. २१.५, २४.५, २७.५ अशी. वरच्या रुग्णाचा क्षेत्रफळावरून काढलेला व्यास २४.८ येतो. त्याच्यासाठी २४.५ की २६, यावर चांगले डॉक्टर अर्धा तास वाद घालू शकतात. घालावाही.

हलणाऱ्या अवयवाचा स्थिर फोटो

सीटी स्कॅनरने पहिल्यांदा माणूस तपासला तो १९७१ मध्ये लंडनमध्ये, गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर, आणि तपासला तो मेंदू. स्कॅनला काही मिनिटं लागायची, पण डोकं स्थिर ठेवता येतं. हृदय मिनिटाला सत्तरेक वेळा आवळतं. ते सीटीवर स्पष्ट यायला यंत्रांना पाव सेकंदाच्या आसपास एक फेरी पूर्ण करण्याइतका वेग यावा लागला.

नुसता वेगही पुरत नाही. स्कॅन चालू असताना छातीवर ईसीजीच्या पट्ट्या लावतात आणि प्रत्येक प्रतिमा ठोक्याच्या कोणत्या क्षणाची आहे हे यंत्र नोंदवत जातं. मग हृदय आवळलेल्या क्षणाच्या प्रतिमा वेगळ्या काढतात. कड्याचं माप त्याच क्षणाचं घेतात, कारण तेव्हा ते सहसा सर्वांत मोठं असतं. हृदय सैल असतानाचं माप धरलं तर झडप एक नंबर लहान निवडली जाण्याचा धोका. दमा किंवा न्यूमोनियासाठी आधी काढलेला ‘छातीचा सीटी’ टावीला चालत नाही तो याच कारणाने. त्यात ठोक्याची नोंद नसते आणि कड्याची कड पुसट येते.

आजकाल सॉफ्टवेअर ते तीन बिंदू स्वतः शोधतं आणि काही सेकंदांत आकडे समोर ठेवतं. तरी अनुभवी डॉक्टर प्रत्येक बिंदू हाताने तपासतात. एक बिंदू दोन मिलिमीटर वर सरकला तर सगळी पातळी तिरकी होते आणि तिच्यावर काढलेलं प्रत्येक माप चुकतं. कॅल्शियमचाही एक खोडसाळपणा आहे. सीटीवर ते असतं त्यापेक्षा मोठं, फुललेलं दिसतं आणि आजूबाजूची वाट खाऊन टाकतं. एकाच स्कॅनवर दोन डॉक्टरांची मापं थोडी वेगळी येणं यात काही वावगं नाही.

याच स्कॅनमधून आणखी काही प्रश्न सुटतात. हृदयाला रक्त देणाऱ्या दोन धमन्या कड्याच्या थोड्या वरून निघतात. नवी झडप उघडते तेव्हा जुन्या पाकळ्या बाजूला ढकलल्या जातात. धमनीचं तोंड कड्यापासून १२ मिलिमीटरपेक्षा कमी उंचीवर असेल आणि तिथली जागाही अरुंद असेल, तर ढकललेली पाकळी त्या तोंडावरच बसू शकते. मग झडप उत्तम बसली तरी रुग्णाला टेबलावर हार्ट अटॅक येतो. हे आधी कळलं तर त्या धमनीत आगाऊ तार घालून ठेवतात, लागलाच तर स्टेंट तयार ठेवतात, किंवा सरळ सांगतात की या रुग्णाला छाती उघडूनच झडप बदललेली बरी.

आणि पाय. टावीचा सीटी मानेखालून जांघेपर्यंत काढतात तेव्हा लोकांना नवल वाटतं. पण झडप तिथूनच आत जायची असते. नळीची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. सुरुवातीच्या नळ्या २२ ते २४ फ्रेंच, म्हणजे ७ ते ८ मिलिमीटर जाड होत्या. आता १४ फ्रेंचच्या नळ्या मिळतात आणि साधारण ५ ते साडेपाच मिलिमीटरची धमनी पुरते. ठेंगण्या, बारीक अंगाच्या आपल्याकडच्या आज्यांच्या बाबतीत हा अर्धा मिलिमीटर फार मोलाचा ठरतो. धमनी फारच वळणावळणाची किंवा कॅल्शियमने कडक असेल तर खांद्याजवळच्या किंवा मानेतल्या धमनीतून जायचा विचार होतो.

या सीटीला डाय द्यावी लागते आणि वृद्धांचं मूत्रपिंड ती सहज झेलेलच असं नाही. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनीन तपासतात (मूत्रपिंड कसं चाललंय ते त्यावरून कळतं), पाणी किंवा सलाइन देतात, डायची मात्रा शक्य तितकी कमी ठेवतात. पूर्वी डायची अॅलर्जी आली असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर हे न विचारताही सांगायचं. सुई लागल्यावर अंगभर गरम वाटतं, ते काही सेकंदांत जातं. किरणोत्सर्गाची भीती ऐंशीच्या माणसाने फार बाळगू नये. त्याच्या झडपेचा धोका त्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. खरी काळजी घ्यावी लागते ती कॅथ लॅबमधल्या, म्हणजे एक्स-रेखाली नळ्या घालून हे उपचार करतात त्या खोलीतल्या माणसांना. शिशाचा जड अॅप्रन घालून ते वर्षानुवर्षं रोज तिथे उभे असतात.

त्या दिवशी

कॅथ लॅबमध्ये रुग्णावर इंग्रजी ‘सी’च्या आकाराचं एक्स-रे यंत्र फिरतं आणि पडद्यावर चालता एक्स-रे दिसतो. त्यात काय दिसतं यापेक्षा काय दिसत नाही ते लक्षात घेण्यासारखं आहे. हृदयाचा स्नायू वेगळा दिसत नाही. रक्त दिसत नाही. पाकळ्याही दिसत नाहीत, फक्त त्यांच्यावरच्या कॅल्शियमचे ठिपके ठोक्यागणिक वरखाली नाचताना दिसतात. तारा, नळ्या आणि झडपेची धातूची जाळी मात्र ठळक दिसते. थोडी डाय सोडली की क्षणभर पाकळ्यांच्या तळाचे तीन कप्पे उमटतात आणि वाहून जातात.

शिवाय एक्स-रे ही सावली. काचेची बांगडी उन्हात धरली तर तिरकी असताना सावली लांबट गोल पडते आणि अगदी कडेवर धरली तर एक रेघ पडते. कड्याचंही तसंच. यंत्र तिरपं असेल तर तीन बिंदू वेगवेगळ्या उंचीवर दिसतात आणि झडप किती खोल आहे याचा अंदाज चुकतो. ते एका रेषेत येतील असा कोन शोधावा लागतो, आणि तो प्रत्येक माणसात वेगळा असतो. पूर्वी तो शोधायला टेबलावर पुन्हा पुन्हा डाय सोडून पाहायचे. आता सीटीवरून आधीच कळतं की यंत्र डावीकडे किती अंश आणि डोक्याकडे किंवा पायाकडे किती अंश झुकवायचं. डाय वाचते, वेळ वाचतो, मूत्रपिंडही वाचतं. सीटीचा हा फायदा सगळ्यांत कमी बोलला जातो आणि मला तोच सगळ्यांत देखणा वाटतो.

खोलीचा एवढा बाऊ का? कड्याच्या अगदी खाली, हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पातळ पडद्यातून विजेचे संदेश नेणारी तार जाते. नवी झडप फार खोल बसली तर तिची जाळी त्या तारेवर दाबते, ठोके मंदावतात आणि कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. फार वर बसली तर निसटायची भीती. म्हणून कड्याच्या खाली तीनेक मिलिमीटर, किंवा त्याहून थोडी कमी खोली गाठायचा प्रयत्न असतो. त्या पातळ पडद्याची लांबीही सीटीवर मोजता येते. ती आखूड असेल तर पेसमेकरची शक्यता घरच्यांना आधीच सांगून ठेवता येते.

फुग्यावरची झडप फुलवायची वेळ आली की हृदय मुद्दाम मिनिटाला १८० ते २०० च्या वेगाने पळवतात. इतक्या वेगात ते रक्त धड बाहेर फेकू शकत नाही, रक्तदाब एकदम खाली येतो आणि फुगा रक्ताच्या लोंढ्याने उडत नाही. काही सेकंदांत फुगा भरायचा, रिकामा करायचा आणि हृदयाचा वेग पूर्ववत आणायचा. बाहेर बसलेल्यांना तीन तास झाल्यासारखे वाटतात ते प्रत्यक्षात या काही सेकंदांच्या तयारीत गेलेले असतात.

मग इको परत येतो. झडप बसल्यावर कडेने गळती आहे का, दोन्हीकडच्या दाबातला फरक किती उतरला, हृदयाभोवती रक्त साचतंय का, हे छातीवर प्रोब ठेवून लगेच पाहतात. गळती जास्त असेल तर पुन्हा एकदा फुगा फुलवून जाळी भिंतीला लावून घेतात. पुढेही महिन्याने आणि मग दरवर्षी इको होत राहतो. नव्या पाकळ्यांवर पातळ गुठळी बसल्याची शंका आली तर सीटीच कामाला येतो, कारण इकोला ती नेहमीच दिसत नाही.

जिथे सीटी मागे राहतो

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की सीटी सगळीकडेच वरचढ. तसं नाही. आपल्याकडे तरुण बायकांमध्ये अजूनही सापडणारा झडपेचा आजार म्हणजे संधिवाताच्या तापानंतर अरुंद झालेली मायट्रल झडप. डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली ही झडप. इथे पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात. झडप बदलण्यापेक्षा फुग्याने त्या कडा सोडवता येतात का, हे आधी पाहतात. जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात यासाठी बनवलेला फुगा आजही वापरात आहे. टावीचा खर्च अजून दहा लाखांच्या पुढे जातो. त्या मानाने हे बलूनिंग स्वस्त आहे आणि सरकारी रुग्णालयांतही होतं.

यात राज्य इकोचं. पाकळ्या किती हलतात, किती जाड झाल्या, त्यांना खाली धरून ठेवणाऱ्या दोऱ्या कितपत जाड झाल्या आणि कॅल्शियम किती, या चार गोष्टींना इकोवर प्रत्येकी १ ते ४ गुण देतात. बेरीज ८ किंवा कमी असेल तर बलूनिंगचा चांगला उपयोग व्हायची आशा. त्यानंतर एक तपासणी चुकवून चालत नाही. अन्ननलिकेतून प्रोब घालून करायचा इको. अन्ननलिका हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला मागून अगदी चिकटून जाते, त्यामुळे त्या कप्प्याच्या कोपऱ्यात दडलेली रक्ताची गुठळी तिथूनच नीट दिसते. गुठळी असताना नळी फिरवली आणि ती सुटली तर मेंदूत जाऊन पक्षाघात. प्रोब गिळायला नकोसं वाटतं हे खरं, पण या तपासणीला नाही म्हणू नये.

हा आजार अनेकदा पहिल्यांदा कळतो तो गरोदरपणात. पोटात बाळ असताना रक्ताचं प्रमाण वाढतं, अरुंद झडपेतून ते पुढे जात नाही आणि फुप्फुसांत पाणी साचू लागतं. औषधांनी भागलं नाही तर बाळ पोटात असतानाच बलूनिंग करावं लागतं. तेव्हा शक्यतो पाचवा महिना उलटेपर्यंत थांबतात, पोटावर शिशाचं आवरण घालतात, एक्स-रे अगदी मोजका वापरतात आणि जेवढं इकोवर निभावेल तेवढं इकोवर निभावतात.

हृदयाच्या धमन्यांत बसवायच्या स्टेंटच्या बाबतीत आणखी निराळं. अँजिओग्राफीत धमनीच्या पोकळीत भरलेल्या डायची सावली दिसते, धमनीची भिंत दिसत नाही. क्लीव्हलँडच्या मेसन सोन्स यांच्या नळीतून १९५८ मध्ये चुकून थेट हृदयाच्या धमनीत डाय गेली आणि रुग्ण वाचला, तेव्हापासून जग याच सावलीवर चालत आलं. आता धमनीच्या आत जाणारे दोन डोळे मिळाले आहेत. आयव्हस ध्वनिलहरींवर चालतो आणि भिंतीत खोलवर पाहतो. ओसीटी प्रकाशावर चालतो, त्याला १० ते २० मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील दिसतो, मात्र त्यासाठी डायने क्षणभर रक्त बाजूला सारावं लागतं. स्टेंट पूर्ण फुलला का, भिंतीला टेकला का, हे बाहेरच्या सावलीत कळत नाही. धमनीच्या फाट्यावरचा, डाव्या मुख्य धमनीतला किंवा लांबलचक अडथळा असेल तर आत पाहूनच स्टेंट बसवा, असा आग्रह आता युरोप आणि अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. आपल्याकडे त्याच्या जादा खर्चामुळे तो अनेकदा वगळला जातो. साध्या अडथळ्यात ते समजण्यासारखं आहे, गुंतागुंतीच्या अडथळ्यात नाही.

ओपीडीत विचारायचं

टावी सुचवली असेल तर डॉक्टरांना विचारायला हरकत नाही: कड्याचं क्षेत्रफळ किती आलं आणि कोणत्या मापाची झडप घेताय? धमन्यांची तोंडं कड्यापासून किती उंच आहेत? जांघेतली वाट पुरेशी आहे का? पेसमेकर लागण्याची शक्यता किती? मोजमाप झालेलं असेल तर या चारांची उत्तरं त्यांच्यापाशी तयार असतात. नसतील, तर सीटीचं वाचन अजून व्हायचं आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि तारीख ठरवायची घाई करू नये.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर सीटीच्या छापील फिल्म आणि टाइप केलेला रिपोर्ट घेऊन जाऊन भागत नाही. फिल्मवर निवडक छेद असतात, त्यांच्यावर तीन बिंदू शोधून पातळी आखता येत नाही. स्कॅन सेंटरमधून निघताना मूळ डेटाची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, ईसीजीशी जोडलेले पातळ छेद त्यात आहेत का ते तिथेच तंत्रज्ञाला विचारून घ्या. नाहीतर दुसऱ्या शहरात पोचल्यावर तीच डाय, तेच मूत्रपिंड आणि तोच खर्च पुन्हा.